धरून की सोडून

रोह्याच्या ऑफिसात चहा आला की आमचा शिपाई गणू भाऊसाहेबांच्या टेबलाला वळसा घालून जायचा. समोरून गेला की ते पेन खाली ठेवून विचारायचे, "चहा कुणाला?" गणू म्हणायचा, "सगल्यांना." की लगेच पुढचा प्रश्न, "सगळ्यांना म्हणजे? साहेब धरून की सोडून? बाहेर बाकावर अर्ज घेऊन बसलेत ते धरून की सोडून?" तोवर चहावर साय धरायची. शेवटी गणूनं तोड काढली. ट्रे टेबलावर ठेवायचा, "तुमाला धरून, बाकी तुमी ठरवा" म्हणायचा आणि पळ काढायचा.

सरकारी ऑफिसात कुठल्याही कारकुनाला लोक भाऊसाहेब म्हणतात. आमच्याकडे कारकून पाच होते, पण भाऊसाहेब म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. अव्वल कारकून, उंच, मानेत किंचित वाकलेले, खिशात एक निळं पेन आणि एक लाल. लग्न केलेलं नव्हतं. जवळच्या वरसे गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि चालत ऑफिसला यायचे. मी तिथं मराठी टंकलेखिका होते. पेणहून रोज एस.टी.नं यायचे. नेमणूक तात्पुरती, दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर निघायची. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते, पण त्यांची नजर गेली होती आणि घरात पगार माझा एकटीचा होता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याला माझ्याकडे एवढंच कारण आहे.

भाऊसाहेबांचं 'धरून की सोडून' कायद्याच्या पुस्तकांतून आलेलं होतं. कुठल्याही कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या असतात. अमुक म्हणजे तमुक, आणि त्यात हेही येतं, तेही येतं. बाकीचे लोक अडलं की मधलंच पान उघडतात. भाऊसाहेब पहिल्याच पानावर मुक्कामाला असायचे. म्हणायचे, "बाई, भांडणं सगळी पुढच्या पानांवर दिसतात, पण पेरलेली असतात इथं." हे म्हणताना ते पानावर तळहात फिरवायचे.

मराठी राजभाषा झाली तसे वरून नाना तऱ्हेचे कागद यायला लागले. त्यात एक परिपत्रक आलं. मेंढ्या आणि लोकर या धंद्याच्या नियमनात जेवढ्या म्हणून इंग्रजी संज्ञा येतात, त्यांना मराठी शब्द सुचवा, स्थानिक लोकांत काय म्हणतात ते व्याख्येसह कळवा. सोबत संज्ञांची दोन पानं. हा कागद सगळ्या तालुक्यांना सरसकट पाठवलेला असणार. आमच्याकडे मेंढी कुठली? पेण-रोह्याच्या पावसात तिचे खूर कुजतात. आमच्याकडे भात, वाल आणि खाडीच्या बाजूला मिठागरं. साहेबांनी शेरा मारला, 'या तालुक्यात मेंढ्या नाहीत, तसे कळवावे.' भाऊसाहेब तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "नाहीत म्हणजे, पावसाळा धरून की सोडून?"

ते बरोबरच होतं. भात कापून झालं की घाटावरचे धनगर खांडं घेऊन खाली उतरायचे. खांड म्हणजे मेंढ्यांचा कळप. आमचे शेतकरी त्यांना मोकळ्या शेतात बसवायचे. मेंढ्यांची लेंडी जमिनीत गेली की पुढच्या वर्षी भात पोसतं, म्हणून बदल्यात तांदूळ द्यायचे. शिमगा झाला, ऊन तापलं की खांडं परत घाट चढायची. साहेबांनी कंटाळून कागद भाऊसाहेबांच्या अंगावर ढकलला आणि त्या दिवसापासून हा कोकणातला माणूस मेंढ्यांच्या कायद्याचा शब्दकोश करायला बसला. लांब आकाराची एक वही त्यांनी स्वतः शिवली होती.

त्यांनी आम्हाला भंडावून सोडलं. लोकर कधीपासून लोकर? कातरल्यावर, की मेंढीच्या अंगावर असतानाही? कातरलेली लोकर चोरली तर लोकरीची चोरी, आणि कुणी रानात मेंढीच परस्पर भादरून नेली तर कशाची चोरी? तेव्हा रोह्याजवळ धाटावला कंपन्या यायला लागल्या होत्या. आमच्यातला एक कारकून राजीनामा देऊन तिकडे शिफ्टला लागला, तेव्हा म्हणाला की पगारासाठी जातो असं लोक म्हणतील, पण मी लोकरीच्या भीतीनं चाललोय. यावर सगळ्यात जास्त हसले ते भाऊसाहेबच.

एकदा ते काही कामानं पेणला आले आणि आमच्या घरी चहा प्यायला थांबले. वडिलांना त्यांनी विचारलं, "मातीचा गणपती कधीपासून गणपती? साच्यातून काढला की, रंग झाला की, पूजा झाली की?" मला वाटलं, आता वडील चिडणार. वडील म्हणाले, "डोळ्यांची आखणी झाली की आम्ही त्याच्यासमोर शिवी देत नाय." भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. जाताना दारात मला म्हणाले, "तुमचे वडील कायदा करायला बसले असते तर बरं झालं असतं." आंधळेपण आल्यापासून वडिलांना इतका मान कुणी दिला नव्हता.

रविवारी ते वही घेऊन बिराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, जायचे. बिरा धनगर, त्याची बायको ठकू आणि बिराचा भाऊ, अशी ती माणसं दर वर्षी वरशाच्या पुढच्या शेतांत उतरायची. मीही दोनदा तीनदा गेले. घोंगडीवर बसायचं, मेंढीच्या दुधाचा दाट चहा प्यायचा आणि भाऊसाहेबांनी विचारत सुटायचं. मेंढ्यांभोवती लावतात त्या जाळ्याला वाघर म्हणतात, कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीला जावळ म्हणतात, हे सगळं वहीत जायचं. ठकू चुलीपुढून म्हणायची, "भाऊसायेब, मेंढरू म्हंजी मेंढरू. त्याला आनि काय म्हंजी?" एकदा ते बिराशी बोलण्यात गुंगले आणि मांडीवरच्या कोकरानं वहीचं अर्धं पान खाल्लं. त्यावर 'चराई' या शब्दाची व्याख्या होती. भाऊसाहेब कितीतरी दिवस सांगत होते की चराईची व्याख्या आता पूर्ण झाली.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कोकरं किती आहेत?" बिरानं मान फिरवली आणि वाघरीचा खुंटा ठोकायला गेला. ठकू म्हणाली, "ते नका इचारू. जावळ उतरल्याबिगर कोकरू मोजीत न्हाईत. मोजलं की दीठ लागती." भाऊसाहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली लाल पेनानं रेघ मारली. ती लाल रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांना ठाऊक नव्हतं, असं कुणालाही म्हणता येणार नाही. मलाही ठाऊक होतं.

आता त्यांची दुसरी सवय सांगायला हवी. कुठलाही फॉर्म त्यांच्या हातून गेला की त्यात एकही रकाना मोकळा राहायचा नाही. माहिती नसेल तिथं ते 'निरंक' लिहायचे, सुरेख गोलाईदार अक्षरात. म्हणायचे, "मोकळा रकाना म्हणजे उघडं दार. उद्या कुणीही येईल आणि हवं ते लिहून जाईल. गरिबाच्या कागदाला कडी लावून द्यायची." कितीतरी लोकांच्या जमिनी या कडीनं वाचल्या, हे खरं आहे. मलाही त्यांनी हेच शिकवलं. मी मशीनवर 'निरंक' इतक्या वेळा उमटवलं की डोळे मिटूनही बोटं त्या अक्षरांवर जायची.

त्या वर्षी खांडांसाठी नवा नमुना आला. घाटाकडे परतताना प्रत्येक खांडाजवळ पास हवा, पासावर नर, माद्या आणि कोकरं यांचे वेगवेगळे आकडे हवेत. वाटेवरच्या नाक्यावर पासापेक्षा जास्त जनावर निघालं तर ते बेवारस धरायचं आणि मालकी सिद्ध होईपर्यंत कोंडवाड्यात ठेवायचं. चोरीच्या मेंढ्या पकडाव्यात असा हेतू होता म्हणे. निघायच्या आधी बिरा आणि ठकू पास काढायला ऑफिसात आले. ठकूनं पदराआड एक कोकरू आणलं होतं, त्याची आई आटली होती म्हणून. ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं कागद मशीनला लावला.

भाऊसाहेब सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. नर, माद्या, आकडे झाले. मग त्यांनी विचारलं, "कोकरं?" बिरा जमिनीकडे पाहायला लागला. भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं. बिरा हळूच म्हणाला, "तुमास्नी ठावं हाय की."

त्यांना ठाऊक होतं. रविवारी जाऊन ते स्वतः मोजू शकले असते. अंदाजानं तीस लिहू शकले असते. पण अर्जात अर्जदार सांगेल तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नेम होता, आणि अर्जदार काही सांगत नव्हता. राहिला रकाना. तो मोकळा सोडायचा नव्हता. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "निरंक."

माझ्या मांडीवर कोकरू होतं. मी टाइप केलं.

चार दिवसांनी, शुक्रवारी, पहिल्या गाडीनं बिरा ऑफिसात आला. तोंड काळवंडलेलं, डोक्याला मुंडासं नाही. पेणच्या पुढे खोपोलीच्या रस्त्याला आदल्या संध्याकाळी नाक्यावर खांड अडवलं होतं. पासावर कोकरं निरंक आणि खांडात सत्तावीस. म्हणून सत्तावीस कोकरं बेवारस ठरवून जवळच्या गावच्या कोंडवाड्यात घातली होती. मेंढ्यांचा पास बरोबर होता, म्हणून त्यांना तिथं थांबू दिलं नव्हतं. त्या पुढे काढाव्या लागल्या. बिराचा भाऊ त्यांना घेऊन दोन मैलांवर होता आणि ठकू कोंडवाड्याच्या फाटकापाशी बसली होती. सगळं सांगून झाल्यावर बिरा म्हणाला, "मेंढरं मागं पळत्यात, भाऊसायेब. कास फुटाया आलीया त्यांची."

भाऊसाहेब उठले तेव्हा त्यांची खुर्ची मागे पडली. ती त्यांनी उचलली नाही. मला म्हणाले, "बाई, चला. तुमचं गावही तिकडंच आहे." आम्ही तिघं एस.टी.नं गेलो.

नाक्यावरचा अधिकारी तरुण होता. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं, कारण वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं भाऊसाहेबांना बसायला खुर्ची दिली, पास समोर ठेवला आणि विचारलं की सही तुमचीच ना. भाऊसाहेब म्हणाले, माझीच. मग त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं. "निरंक म्हणजे काय, भाऊसाहेब?"

आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणजे काय म्हणजे काय विचारणाऱ्या माणसाला कुणीतरी तो प्रश्न विचारत होतं. ते म्हणाले, "निरंक म्हणजे काही नाही." मग त्यांनी धनगरांची रीत समजावून सांगितली. जावळ उतरेपर्यंत मोजत नाहीत, माझ्याजवळ तसं लिहून घेतलेलं आहे, मी वही आणतो. तो म्हणाला, वही मला चालणार नाही, मला कागद लागेल. बराच वेळ डोकं खाजवून त्यानंच वाट काढली. "असं करा. पासात टंकलेखनातील चूक झाली, एवढं लिहून द्या. या बाईंनी टाइप केलंय ना? यांची सही घ्या. मी आत्ता कोकरं सोडतो."

ऑफिसात ही चूक म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं. मेमो निघतो. तात्पुरत्या माणसाला मेमो निघाला की पुढची ऑर्डर निघत नाही. माझी ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मागणीनंही नाही, नुसतं पाहिलं. बाहेरून कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले.

ते म्हणाले, "टंकलेखन बरोबर आहे. चूक माझी आहे."

अधिकारी म्हणाला, तुमची असेल तर तुमच्या वरच्या ऑफिसचा दुरुस्तीचा आदेश लागेल. ते ऑफिस अलिबागला. भाऊसाहेब तसेच मिळेल त्या गाडीनं वडखळवरून अलिबागला गेले. पोचले तेव्हा तिथले साहेब निघून गेलेले होते. पुढे दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी रामनवमी. सोमवारी ऑफिसला कुलूप असताना भाऊसाहेब व्हरांड्यात बसून होते, असं मला नंतर कळलं. साहेबांच्या घरीही ते दोनदा जाऊन आले. साहेब गावाला गेले होते.

मी पेणचीच. शनिवारी मी कोंडवाड्यावर गेले, घरून दूध घेऊन. दगडी गडगा, वर पत्रा, चैत्राचं ऊन. आत नियमाप्रमाणे पाणी ठेवलं होतं आणि गवताची पेंढी टाकली होती. महिन्याभराची दूधपिती कोकरं गवताला नुसती नाक लावत होती. ठकूनं दोन मेंढ्या आणून पाजू द्या म्हणून कोंडवाड्याच्या राखणदाराचे पाय धरले होते. तो म्हणाला, जप्त जनावरांत दुसरी मिसळली तर माझी नोकरी जाईल. हे वाक्य मी मान खाली घालून ऐकलं. गावातल्या बायका वाटीवाटीनं दूध आणून देत होत्या. एक म्हातारी ठकूला म्हणाली, "घे गो बाय, म्हशीचा हाय, पानी घालून पाज." ठकू फडकं दुधात भिजवून एकेका कोकराच्या तोंडात पिळत होती. सत्तावीस तोंडं आणि फडकं एक. कोकरं हगायला लागली होती.

रविवारी गेले तेव्हा ओरडणं बरंच कमी झालं होतं. मला बरं वाटलं. वाटलं, पोटं भरली असतील. फाटकाजवळ गेल्यावर कळलं.

मंगळवारी दुपारी भाऊसाहेब आदेश घेऊन आले. दाढी वाढलेली, शर्टाला लाल शाईचा डाग. हातातला कागद त्यांनी चार घड्या करून मुठीत धरला होता. राखणदारानं तो वाचला, रजिस्टर उघडलं आणि सांगितलं की मालकानं जनावरं मोजून ताब्यात घ्यायची, जिवंत किती, मेलेली किती, आणि अंगठा द्यायचा. बिरा तिथंच उभा राहिला. आत जाईना. राखणदार पुन्हा म्हणाला, मोजा.

ठकू फाटकापासून उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "मोज आता. आता दीठ कुनाला लागायचीया?"

बिरानं मोजली. एकेका कोकराला हात लावून, मोठ्यानं. जिवंत पाच निघाली. बाकीची मोजताना त्याचा आकडा दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. भाऊसाहेब फाटकाच्या बाहेर उभे होते आणि प्रत्येक आकड्याला त्यांचे ओठ हलत होते. मी त्या दिवशी रडले, पण मला रडायचा काही अधिकार नव्हता. ठकूनं भाऊसाहेबांना शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिनं जाताना त्यांना वाकून नमस्कार केला, दर वर्षी निघताना करायची तसा.

पुढच्या वर्षी भात कापून झालं आणि दुसरी खांडं उतरली. बिराचं आलं नाही. त्यानंतरही कधी आलं नाही. वरशाच्या ज्या शेतकऱ्याकडे ते उतरायचे, तो म्हणाला, "नाय आले. निरोप पन नाय." भाऊसाहेब दोन वर्षं दर रविवारी त्या शेतापर्यंत जाऊन येत होते. मग तेही थांबलं.

ऑफिसात त्यांचं 'धरून की सोडून' बंद झालं. चहा समोर आला की प्यायचे, नाही आला तर नाही. गणू मुद्दाम त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "भाऊसाहेब, चहा सगल्यांना हाय हां." ते मान हलवायचे. गणू परत येऊन मला म्हणायचा, "बाय, ह्यांनी काय तरी इचारायला पायजे होता." आणखी एक गोष्ट झाली. ते रकाने मोकळे सोडायला लागले. तपासणीत शेरे आले, कागद परत आले, एक वेतनवाढ थांबली. साहेबांनी बोलावून झापलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा फॉर्म तसाच मोकळा ठेवला. शब्दकोशासाठी वरून स्मरणपत्रं आली, त्यांना उत्तर गेलं नाही. काही वर्षांनी कुठून तरी छापील यादी आली. मी त्यांना ती नेऊन दाखवली. त्यात 'कोकरू' होतं, पुढे लिहिलं होतं, 'मेंढीचे पिल्लू'. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग यादी मला परत दिली.

माझी ऑर्डर त्या महिन्यात निघाली होती. पुढे मी कायम झाले, बढती मिळाली, पेन्शनही घेते आहे. त्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्याजवळ एकदाच तो विषय काढला. ते निवृत्त झालेले, वरशाच्या खोलीत खाटेवर बसलेले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तेव्हा मी बोलायला हवं होतं." ते म्हणाले, "तुम्ही काय बोलणार? टंकलेखन बरोबरच होतं." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, "खोटं मी बोलायला हवं होतं, बाई. पास करतानाच. तीस लिहायचं. एक आकडा खोटा लिहायला मला काय झालं होतं?" मी चहा करून दिला आणि शेवटची गाडी पकडायला निघाले.

दोन वर्षांनी ते पडले. शेजाऱ्यांनी त्यांना रोह्याच्या दवाखान्यात नेलं आणि मला निरोप धाडला. दाखल करायचा फॉर्म मीच भरत होते. जवळचे नातेवाईक, या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बहीण होती ती गेलेली, दुसरं कुणी नाही. सवयीनं हात तो शब्द लिहायला वळला. त्यांनी चादरीखालून हात काढून माझं मनगट धरलं. आवाज नीट फुटत नव्हता. म्हणाले, "मोकळा राहू दे. मोकळ्यात कुणी येऊन लिहू तरी शकतं." मी मोकळा सोडला. आठ दिवस ते तिथं होते. कुणी आलं नाही.

खोलीच्या मालकानं त्यांची ट्रंक मी जायच्या आतच रिकामी केली होती. वह्या-कागद रद्दीत गेले, असं तो म्हणाला. मी रद्दीवाल्याकडेही जाऊन आले.

मग मृत्यूची नोंद करायला गेले. खिडकीत एक चुणचुणीत कारकून होता. नाव, वय, पत्ता, सगळं भराभर लिहीत गेला. वारस विचारलं. मी म्हटलं, ते मोकळं सोडा. तो म्हणाला, "बाई, कोरं ठेवता येत नाही. कुणी असेल तर सांगा." माझ्या मागे रांग होती. मी म्हटलं, "माझं नाव लिहा." या वेळी मी बोलले. त्यानं पेन टेकवलं आणि विचारलं, "नातं काय?"

मी विचार केला. त्यांच्या ऑफिसात टाइप करायचे, हे नातं होत नाही. त्यांनी माझी नोकरी वाचवली आणि त्यापायी बावीस कोकरं गेली आणि ते गेले, हेही त्या रकान्यात लिहिण्याजोगं नव्हतं. मागून कुणीतरी लवकर करा म्हणालं. कारकुनानं थोडा वेळ वाट पाहिली. मग मान खाली घालून त्यानं वारसाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, सगळं बरोबर आहे का ते बघायला. गोल, स्वच्छ अक्षर होतं. मी सही केली.